नोनाच्या घराचा एकच चांगला फोटो

माझ्या नवऱ्याला वाईट फोटो काढताच येत नाही, असं मी कितीतरी वर्षं लोकांना कौतुकानं सांगायचे. आता नाही सांगत.

थनासिस त्याचं नाव. मेलबर्नला आमच्या ओकलीच्या बाजूला ज्यांनी म्हणून घर विकलं, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या स्वयंपाकघरात हा माणूस बूट काढून, पोट सांभाळत, कॅमेऱ्यामागे उकिडवा बसून गेलेला आहे. पूर्वी तो लग्नं आणि बाप्तिस्मे करायचा. आमच्या ग्रीकांचं लग्न म्हणजे काय विचारता! नवरीची आई, नवऱ्याची आई, दोघींच्या बहिणी, सगळ्या याच्या अंगावर. माझी हनुवटी दुहेरी का दिसते, माझ्या विहिणीचाच फोटो मोठा का! एकदा असाच शिव्या खाऊन आला, टाय सोडला आणि म्हणाला, "मातीना, बस झालं. भिंतींना आया नसतात. मी आता भिंतींचे फोटो काढणार."

आणि काढले. घरांच्या धंद्यात पडला आणि जन्माचा सुखी झाला. तो काढायचा, मी आमच्या जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून ते निवडायचे, तिरक्या भिंती सरळ करायचे आणि एजंटला पाठवायचे. त्यामुळे या धंद्यातलं माझ्याही कानावर इतकं पडलंय की झोपेत विचारा.

लेन्स चोवीस मिलीमीटरची, आकडा जितका लहान तितकी खोली मोठी दिसते. पाठ भिंतीला टेकली तर वीस. फार फार तर सोळा, आणि सोळाच्या खाली जाणारा माणूस चोर. कारण त्याच्या खाली गेलं की फ्रिज आडवा सुटतो, कोपऱ्यातली खुर्ची लांबत जाते, आणि गिऱ्हाईक दारात येऊन म्हणतं, हे ते घर नव्हेच. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर नाही धरायचा, ओट्याच्या चार बोटं वर. फ्लॅश समोरून मारायचा नाही, छतावर मारायचा, म्हणजे उजेड वरून खाली झिरपतो. खिडकीतला उजेड आणि पिवळा बल्ब एका खोलीत सुखानं नांदत नाहीत, एकाला बाहेर काढायचं. हे सगळं तो कुणी न विचारता सांगतो. माझ्या भाच्याच्या साखरपुड्यात त्यानं पाद्रीबुवांना सांगितलं होतं. ते बिचारे मान हलवत होते आणि त्यांचं मटण गार होत होतं.

पण त्याचा खरा जीव संध्याकाळच्या फोटोत. सूर्य बुडाल्यावर थोडाच वेळ असा येतो, की आभाळ अजून निळं असतं आणि घरातले दिवे त्याच्या जोडीला येतात. त्याच्या आधी दिवे फिके, त्याच्या नंतर आभाळ काळं. तेवढ्यात समोरून घराचा फोटो घ्यायचा. घर कसलंही असो, त्या उजेडात असं दिसतं की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत आपलीच कुणीतरी वाट बघतंय. एजंट लोक हाच फोटो मोठा करून घरापुढच्या फलकावर लावतात. आमचा एजंट ग्लेन तर म्हणायचा, "थनासी, तुझ्या संध्याकाळींवर माझी पोरं शिकली."

असो. आता नोनाचं सांगते.

नोना म्हणजे धर्ममाता. नाव एव्दोकिया, पण आम्ही सगळे नोनाच म्हणायचो. माझ्या सासूची गावाकडची मैत्रीण, एकाच बोटीतून दोघी आलेल्या. थनासिसला चर्चमध्ये पाण्यात बुडवलं तेव्हा तो जिच्या हातात होता ती ही. सासू लवकर गेली, मग याची आजारपणं, याची परीक्षा, आमच्या लग्नात डोक्यांवर मुकुट ठेवणं, सगळं नोनानं केलं. नवरा मानोलिस वारल्यावर ती त्या घरात एकटीच राहायची. विटांचं बैठं घर, पुढे मानोलिसनं स्वतः ओतलेलं काँक्रीटचं अंगण, त्यात लिंबाचं झाड आणि गुलाब. आत कुणी न वापरलेलं चकचकीत स्वयंपाकघर, आणि रोजचं रांधणं, तळणं मागे गराजमधल्या शेगडीवर. आमच्याकडे सगळ्याच म्हाताऱ्यांचं असं. चांगल्या ओट्यावर कुणी कांदा चिरला तर पाप लागेल!

तर नोना न्हाणीघरात पडली. एकदा पडली, लपवलं. दुसऱ्यांदा पडली ती दुपारपर्यंत तशीच लादीवर. मग तिची मुलगी रूला हट्टालाच पेटली. रूला काही वाईट नाही हो. शहराच्या त्या टोकाला राहते, नोकरी करते, आणि फोन वाजला की तिला वाटतं, आईच पडली. ती म्हणाली, "आई, घर विकायचं आणि आपल्या लोकांच्या वृद्धाश्रमात जायचं. तिथे चर्च आहे, आपलं जेवण आहे, सगळं आहे."

नोना म्हणाली, "तिथे माझं गराज आहे का?"

महिनाभर मायलेकी भांडल्या. शेवटी नोनानंच तोड काढली. एकदाच लिलाव करायचा. ठरलेल्या आकड्याला हातोडा पडला, तर रूला म्हणेल तिथे नोना निमूट जाणार. नाही पडला, तर नोना मरेपर्यंत रूलानं हा विषय काढायचा नाही. दोघींनी देवमातेच्या तसबिरीपुढे शब्द दिला. रूलानं काम ग्लेनला दिलं, आणि ग्लेनचं घर म्हणजे फोटो थनासिसचे.

फोटोच्या दोन दिवस आधी नोनानं आम्हाला कॉफीला बोलावलं. गराजमध्ये बसवलं, कॉफी ओतली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"थनासी, तुझ्या अंगाला तेल लावून तुला मी देवाच्या हवाली केलं. त्यानंतर तुझ्याकडे कधी काही मागितलं?"

"नाही, नोना."

"आज मागते. माझ्या घराचे वाईट फोटो काढ."

थनासिसचा पेला हातातच राहिला. "म्हणजे कसे?"

"मला विचारतोस? आयुष्यभर तू कोंबड्यांच्या खुराड्यांचे महाल केलेस. आता माझ्या घराचं खुराडं कर. लहान दिसू दे. काळोखं दिसू दे. बघून माणसानं पुढचं घर शोधावं."

"नोना, ग्लेन मला जिवंत सोडणार नाही."

"एका घरानं तुझं नाव जात नाही. माझं मात्र एकच घर आहे."

थनासिस उठला, तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "माझ्या आईच्या मातीची शपथ, नोना. असे काढतो की मांजरसुद्धा आत यायची नाही."

ती खळखळून हसली. मग दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या अंगावर तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि आम्हाला डबाभर बिस्किटं दिली.

फोटोच्या दिवशी मीही गेले, कारण हा तमाशा मला चुकवायचा नव्हता. एरवी हा माणूस सकाळच्या कोवळ्या उजेडात जातो, त्या दिवशी भर दुपारी गेला. झोपायच्या खोलीत चोवीस काढून पन्नासची लेन्स लावली, म्हणजे अर्धा पलंग आणि कपाटाचं दार, बास. वाटावं, माणूस आत शिरला की पलंगावरच पडणार. दिवाणखान्यात कॅमेरा डोक्याच्या वर धरला, जमीन घसरगुंडी झाली. पडदे उघडले आणि वर ट्यूबलाइटही लावली, निम्मी खोली निळी, निम्मी आजाऱ्यासारखी हिरवट. आरशासमोर उभं राहून फ्लॅश सरळ आरशात मारला.

नोना मागे मागे फिरत होती, लहान पोरीसारखी खूश. "आणखी काळं कर! हा कोपरा घे, इथे ओल आहे. न्हाणीघरात कमोडचं झाकण उघडं ठेवू का रे?"

"ठेव ना. उत्तम दिसेल."

तिनं उघडलं. मग क्षणभर विचार केला आणि पटकन मिटलं. "नको. लोक म्हणतील बाई घाणेरडी होती."

चांगल्या स्वयंपाकघराचं मात्र त्या दोघांनाही काही जमेना. कधीच न वापरलेलं, काल बसवल्यासारखं. थनासिसनं कुठूनही घेतलं तरी ते हसरंच दिसायचं. शेवटी त्यानं दाराच्या फटीतून अर्धा नळ तेवढा घेतला.

घरी आल्यावर मी ते फोटो बघून पोट धरून हसले. तो हसला नाही. जेवताना म्हणाला, "दात न घासता झोपल्यासारखं वाटतंय गं."

मी म्हटलं, "एक दिवस नाही घासलेस तर दात पडत नाहीत."

राहिला होता तो संध्याकाळचा फोटो. ग्लेनला तो लागतोच, त्याशिवाय सुटका नाही. थनासिस म्हणाला, गाडीतून खालीसुद्धा उतरत नाही, काच खाली करून हलता एक काढतो आणि येतो. जेवण गरम ठेव.

जेवण गार झालं. तो आला, हात धुतले, टेबलाशी बसला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याकडे सरकवलं.

मी उघडलं. अगं बाई, काय सांगू! इतक्या वर्षांत त्यानं इतकं सुंदर काही काढलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्या लग्नाचे फोटोसुद्धा त्याच्यापुढे काहीच नव्हेत. आभाळ त्या निळ्यावर आलेलं. खिडक्या पिवळ्या, पण डोळ्यावर येणाऱ्या नाहीत. लिंबांवर जरासा उजेड. गराजचं दार हातभर वर उचललेलं, खालून दिव्याची पट्टी अंगणात आलेली आणि तळणीचा धूर त्या पट्टीतून वर चाललेला. हलत्या हाताचं काम नव्हतं ते. स्टँड लावला होता, चोवीसची लेन्स होती, आणि हा बाबा रस्त्यापलीकडे उभा राहून त्या वेळेची वाट बघत बसला होता.

"हा कसा काय?" मी विचारलं.

"गाडी लावली आणि तिनं आत दिवे लावले. एकेक करून. मी काही केलं नाही, मातीना. ते तसंच होतं."

"हा पाठवायचा नाही."

"हो."

"थनासी, शपथ घेतलीयस तू. मेलेल्या आईची."

"हो म्हटलं ना!"

त्यानं काच खाली करून काढलेला हलता फोटोही मी त्या कार्डात शोधला. एक होता. भुतासारखा. सकाळी हाच पाठवते म्हटलं आणि झोपायला गेले. सकाळी उठले तर यानं फोटो स्वतःच पाठवून टाकले होते, सगळे. माझ्या आधी उठून. मी काय समजायचं ते समजले.

"कुठला पाठवलास?"

तो चहात साखर ढवळत राहिला. "एकच तर आहे," तो म्हणाला. "बाकी सगळे घाण आहेत. एका फोटोनं काय होतंय?"

मी त्याला जे बोलले ते इथे सांगत नाही. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली एवढं सांगते.

ग्लेन काही मूर्ख नाही. त्यानं फोन केला, "थनासी, आतले फोटो काय झोपेत काढलेस?" थनासिस म्हणाला, घरच तसं आहे, काळोखं. ग्लेन म्हणाला, बरं, मग आतलं दाखवायचंच नाही. आणि त्यानं काय केलं? आतला एकही फोटो कुठे घातला नाही. फक्त संध्याकाळचा घेतला, माणसाहून उंच फलक केला आणि अंगणात ठोकला. खाली लिहिलं, आत या आणि बघा.

त्याच संध्याकाळी नोनाचा फोन. थनासिसचे हात ओले होते, म्हणून मी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"थनासी! हे काय आणून लावलंय माझ्या अंगणात? मेल्यांनी दुसरा कुणी पाठवला का रे?"

थनासिस माझ्याकडे बघत होता. मी हातानं खूण केली, बोल, सांग, आत्ता सांग.

"ग्लेननं पाठवला असेल कुणाला तरी," तो म्हणाला.

"हात मोडो त्याचे! रात्रीचे चोरासारखे येतात. मी तर गराजमध्ये होते, मला पत्तासुद्धा नाही. तुझे फोटो मला रूलानं दाखवले. काय भयंकर आहेत रे! माझं सोनं ते. देव तुझं भलं करो."

फोन बंद झाल्यावर थनासिस कितीतरी वेळ ओले हात पुसत राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या दिवसापासून घरात रोज बघितलं. फोन वाजला की दचकायचा. चर्चमध्ये नोना दिसली की मेणबत्त्यांच्या मागे जायचा.

घर बघायला लोक यायचे होते त्या सकाळी मी नोनाकडे गेले, तर नोना पहाटेपासून कामाला लागलेली. अंगण धुतलेलं, गुलाब छाटलेले, खिडक्या पुसलेल्या, चांगल्या ओट्यावर ताज्या लिंबांची परडी! मी कपाळावर हात मारला.

"नोना, हे काय चाललंय? घर विकायचं नाही ना तुला?"

"नाही विकायचं. पण परकी माणसं घरात येणार, मातीना. त्यांना काय धूळ दाखवू?"

"हो, धूळच दाखव!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये चप्पल भिरकावली होती. "जे मला जमणार नाही ते सांगू नकोस," ती म्हणाली आणि फडकं पिळायला गेली.

लोक आले, रांगेनं आले. फलकावरचा फोटो बघून थांबायचे, मग आत शिरायचे आणि ते स्वयंपाकघर बघून "आहाहा" करायचे. मी घरी येऊन थनासिसला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, तिनंसुद्धा घर घासून पुसून लखलखीत केलंय. सगळा दोष आपल्या डोक्यावर घेऊ नकोस.

तो म्हणाला, "तिनं आल्यागेल्यासाठी केलं. मी माझ्यासाठी केलं."

लिलाव शनिवारी, घरासमोर फुटपाथवर, नेहमीसारखा. शेजारीपाजारी कॉफीचे पेले घेऊन जमलेले, मुलं सायकलींवर. ग्लेनच्या हातात गुंडाळलेला कागद, आवाज चर्चच्या घंटेसारखा. रूला फाटकाशी. नोना बाहेर आली नाही. दिवाणखान्यात प्लास्टिक घातलेल्या सोफ्यावर पडद्याआड बसली आणि मला म्हणाली, "तू बस माझ्याजवळ. मला इंग्रजी आकडे पटकन कळत नाहीत, तू सांग."

सुरुवातीला कुणी बोलेना. नोनानं छातीवर क्रॉसची खूण केली, ओठांत हसली. मलाही वाटलं, देव पावला. मग एका कोपऱ्यातून आवाज आला, मग दुसऱ्या. मी सांगत गेले. खाली आहे, नोना. अजून खाली आहे. अजून. आणि मग ग्लेन ओरडला की आता घर खरंच विक्रीला आहे, म्हणजे ठरलेला आकडा ओलांडला. हे मी तिला सांगितलं नाही. माझी जीभच उचलली नाही. बाहेर तर दोघं एकमेकांवर चढत होते, थांबायलाच तयार नव्हते. मग एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या का वाजवतायत?" नोनानं विचारलं.

मी तिचा हात धरला. ती समजली. हात काढून घेतला नाही. मग उठली आणि खिडकीशी गेली.

थनासिस लिंबाजवळ उभा होता. घर घेणारी मुलगी, नव्यानंच लग्न झालेली असावी, रडत हसत त्याच्या बाजूनं आली आणि कुणीतरी हवं होतं म्हणून त्यालाच म्हणाली, "तेव्हा आम्ही आतलं काही बघितलंच नव्हतं हो! मी तो फोटो बघितला आणि ह्याला म्हटलं, मला त्यात राहायचंय." थनासिसनं तिचं अभिनंदन केलं. करावंच लागलं. मी पडद्याआडून बघत होते, त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

नोनानं शब्द पाळला. कुरकुर नाही, आदळआपट नाही. गराजमधली शेगडी रूलाला दिली, लिंबं गल्लीत वाटली आणि वृद्धाश्रमात गेली. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. पलंगाला दोन्ही बाजूंना दांडे आहेत, ती पडत नाही. रूला रात्री शांत झोपते, आणि त्याबद्दल मी तिला बोल लावणार नाही.

आणि आम्ही दर रविवारी जातो. पहिल्या रविवारी आम्ही खोलीत शिरलो तर नोनाच्या शेजारी चार म्हाताऱ्या बसलेल्या. नोनानं थनासिसला हात धरून त्यांच्यापुढे उभा केला.

"हा बघा. हाच तो. मी सांगितलं ना? पोटच्या पोरीनं घर विकायला काढलं, पण ह्यानं माझ्यासाठी स्वतःच्या कामाला काळं फासलं. एकुलता एक माणूस, ज्यानं मला दिलेला शब्द पाळला. पुढे त्या दुसऱ्या हरामखोरानं घात केला, त्याला हा काय करणार?"

म्हाताऱ्या उठून थनासिसच्या गालांना हात लावायला लागल्या. एकीनं त्याच्या हातात लाडवासारखं काहीतरी कोंबलं. त्यानं ते खाल्लं. कसं गिळलं ते त्यालाच माहीत.

त्यानंतर त्यानं संध्याकाळचे फोटो बंद केले. ग्लेन चिडला, विनवण्या केल्या, मग दुसऱ्या माणसाला देऊ लागला. मी आधी धंद्यापायी भांडले, मग भांडायचं सोडलं. तो सकाळी जायचा, चोवीसनं काढायचा, उजेड छतावर मारायचा, घरी यायचा. आणि रविवार आला की पोटात दुखतंय म्हणायचा. मी त्याला ओढत न्यायचे. म्हणायचे, पोटात दुखतंय ना, मग सांगून टाक, ओकून टाक. तो म्हणायचा, तिच्याकडे आता राहिलंय काय? मीच तर राहिलोय. ते पण काढून घेऊ?

असं करत मोठ्या उपासांच्या आधीचा क्षमेचा रविवार आला. आमच्यात त्या दिवशी सगळे एकमेकांकडे क्षमा मागतात. नवरा बायकोकडे, पाद्री म्हातारीकडे. "मला क्षमा कर" म्हणायचं, आणि समोरच्यानं म्हणायचं, "देव क्षमा करो." थनासिसनं त्या दिवशी सकाळपासून तोंडात काही घातलं नाही. पोटात दुखतंय असंही म्हणाला नाही. वृद्धाश्रमात शिरला, दार लावलं आणि पलंगाशी गुडघ्यांवर बसला. वजनदार माणूस, गुडघे वाजले.

"मला क्षमा कर, नोना."

"कशाबद्दल रे? उठ, फरशी गार आहे."

"तो संध्याकाळचा फोटो मी काढला."

नोनाला कळायला वेळ लागला. "कुठला?"

"फलकावरचा. ग्लेननं कुणाला पाठवलं नव्हतं. मीच होतो. वाईट काढून निघणार होतो आणि चांगला काढला. आणि चांगला होता म्हणून पाठवला. आणि तुझ्याशी खोटं बोललो."

मी दाराला टेकून उभी होते. नोना त्याच्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती.

"कुठे उभा होतास?" तिनं विचारलं.

"रस्त्यापलीकडे."

"मी काय करत होते?"

"गराजमध्ये होतीस. खिम्याचे वडे तळत होतीस बहुतेक. वास येत होता."

"इतका वेळ तिथे होतास, आणि मला हाक नाही मारलीस?" ती म्हणाली. "गरम गरम होते रे. दोन दिले असते."

थनासिस रडायला लागला. हुंदके देऊन, लहान मुलासारखा. मी लग्नानंतर त्याला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. नोनानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तिचे दोन्ही हात चादरीवरच होते. "देव क्षमा करो" एवढे तीनच शब्द, पण ते तिच्या तोंडून आले नाहीत. मी वाट बघत होते. तोही बघत होता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि एक नवीन बाई वॉकर सरकवत आत आली. त्याच आठवड्यात दाखल झालेली, क्षमेच्या रविवारी ओळख करून घ्यायला आलेली. नोनानं डोळे पुसले, उशीला टेकून सरळ बसली.

"उठ," ती थनासिसला हळूच म्हणाली. "तोंड पूस. आणि हे इथे कुणापाशी बोलायचं नाही, कधीच. सगळ्यांना सांगून बसलेय मी. माझ्याकडे इथे सांगायला दुसरं काही नाही."

मग तिनं आवाज चढवला. "या, या, आत या! बरं झालं आलात. हा माझा धर्मपुत्र, थनासिस. सगळ्यांनी पाठ फिरवली, पण ह्यानं मला दिलेला शब्द पाळला."

नवीन बाई त्याच्याकडे कौतुकानं बघत पुढे आली. थनासिस पलंगाचा दांडा धरून उठला आणि त्यानं तिच्या हातात हात दिला.